तिघींचं एकच मत

"सर, हे सगळे चौकोन रंगवले कोणी?"

प्रश्न मराठीत होता आणि माइकवर होता. वाशीच्या त्या गारठलेल्या सभागृहात सकाळपासून कोणी मराठीत हूं की चूं केलं नव्हतं. चहाचे कप भरणाऱ्या दादानंसुद्धा 'शुगर, मॅम?' असंच विचारलं होतं. त्यामुळे पुढच्या रांगांतल्या झाडून सगळ्या माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी दोन्ही हातांनी माइक आवळून उभी होती. तिच्या उजवीकडची मैत्रीण खुर्चीत इतकी खाली सरकली होती की तिचा फक्त भांग दिसत होता. डावीकडची तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

उभी होती ती रुतिका. नववी ब, कोपरखैरणे. हसत होती ती क्रांती आणि खुर्चीत बुडाली होती ती अमिता.

हा प्रश्न काही रुतिकाच्या एकटीच्या डोक्यातून निघाला नव्हता. परिषद होती उपग्रहानं टिपलेली चित्रं मशीनला वाचायला शिकवणाऱ्या लोकांची, आणि ज्या शाळांनी या कामात मदत केली त्यांच्या मुलांना एक दिवस ऐकायला बोलावलं होतं. सकाळपासून एकेक संशोधक येत होता, भिंतीएवढ्या पडद्यावर रंगीत नकाशे दाखवत होता, टाळ्या घेत होता आणि बसत होता. मग आला आशुतोषदादा. याला तर त्या ओळखत होत्या! सुट्टी लागायच्या आधी, एप्रिलमध्ये, तोच शाळेत आला होता, तोच वडापाव खाता खाता सगळं समजावून गेला होता. आज त्याच्या अंगात कोट होता. त्यानं ठाणे खाडीचा नकाशा लावला, कांदळवन हिरवं, चिखल तपकिरी, मिठागर पांढरं, आणि म्हणाला की हे सगळं मशीननं ओळखलं.

"मशीननं?" रुतिका कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे तीन रांगांना ऐकू जाणारी. "आणि आपण काय मेमध्ये झोपा काढल्या?"

"मग विचार ना जाऊन," क्रांती म्हणाली. "डेअर आहे. आणि मराठीत विचारायचं. इंग्लिशमध्ये विचारलंस तर धरणार नाय."

"ती नाही विचारणार," अमिता हळूच म्हणाली. "ही फक्त आपल्या तिघींत मोठ्यानं बोलते."

अमिता असं कधी बोलायची नाही. ते रुतिकाला असं काही झोंबलं, की माइक घेऊन फिरणाऱ्या ताईनं 'एनी क्वेश्चन्स' म्हणायच्या आत तिचा हात वर गेला होता.

आणि हेही सांगायला हवं की वर्षभरापूर्वी हाच हात बाकाला चिकटलेला असायचा. आठवीच्या जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेत बाईंनी जबरदस्तीनं तिचं नाव घातलं, ती थरथरत उभी राहिली, आणि तिसऱ्या वाक्याला तिला कळलं की आपण बोलतोय आणि लोक ऐकतायत. पहिला नंबर आला. त्या दिवसापासून बांध फुटला. घरात, वर्गात, रिक्षात, जिथं जाईल तिथं रुतिकाचाच आवाज.

तर तिकडं स्टेजवर आशुतोषदादानं चष्मा वर ढकलला. बाजूला बसलेला सूत्रसंचालक माइकमध्ये वाकून म्हणाला, "बेटा, कॅन यू आस्क इन इंग्लिश?"

"सरांना मराठी येतं की," रुतिका म्हणाली. "आमच्या शाळेत आले तेव्हा पूर्ण तास मराठीतच बोलले होते. आम्हाला समजलं पाहिजे ना, काम करून घ्यायचं होतं."

कुठंतरी कोणीतरी खुसखुसलं. आशुतोषदादाही ओशाळून हसला. "बरोबर आहे. मशीनला शिकवण्याआधी चित्राचे हजारो तुकडे माणसांनी रंगवून द्यावे लागतात. हे कांदळवन, हे पाणी, असं. ते काम शाळांमधल्या मुलांनी केलंय. शेवटच्या स्लाइडवर त्यांचे आभार आहेत."

"वाचले आम्ही. 'स्थानिक स्वयंसेवकांचे आभार.' म्हणजे कोणाचे?"

"म्हणजे... तुमचेच."

"मग पहिल्या स्लाइडवर 'स्थानिक संशोधक' असं लिहून तुमचं नाव का नाही गाळलं?"

आता मात्र हशा झाला, आणि मधल्या रांगेतून दोन-चार टाळ्याही पडल्या. रुतिकाच्या छातीत ढोल वाजत होता, पण गंमत म्हणजे तो भीतीचा नव्हता. स्टेजच्या कडेला अध्यक्षांच्या खुर्चीत एक पांढऱ्या केसांच्या बाई बसल्या होत्या, सरोजिनी मॅडम, आशुतोषदादाच्या मार्गदर्शक. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माइक ओढला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "प्रश्न योग्य आहे. चहाच्या सुट्टीत तिघी इकडं या."

खाली बसल्यावर क्रांतीनं तिच्या पाठीत धपाटा घातला. "भाई, तू तर फाडून टाकलंस!" त्याच रांगेच्या टोकाहून भूगोलाच्या मानसिंग सरांनी पुढं वाकून दात-ओठ खाल्ले, "शाळेत चल, मग बघतो तुला." रुतिका नुसती हसली. तिला वाटलं, झालं, आता नावं लागणार. तिघींची, पडद्यावर, भिंतीएवढी.

*

चहाच्या टेबलापाशी आशुतोषदादानं लॅपटॉप उघडला तेव्हा त्याचे कान अजून लाल होते.

"तुमचा गट कुठला ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "कोपरखैरणे, गट चार. सगळ्यांत आधी काम संपवलंत तुम्ही."

"सर्टिफिकेट पण मिळालं जूनमध्ये," क्रांती म्हणाली. "सर्वोत्तम गट!"

"हो. ते वेगाबद्दल दिलं. तपासणी नंतर झाली." त्यानं एक श्वास घेतला. "मी तुमचा गट वापरलाच नाही. पूर्णच्या पूर्ण बाजूला काढला."

टेबलावर बिस्किटांची ताटली होती. क्रांतीचा हात तिच्यावर तसाच राहिला.

"का?" रुतिकानं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला.

"प्रत्येक तुकडा आपण तीन जणांना का देतो, आठवतं? एकाची चूक होऊ शकते. तिघांपैकी दोघं जे म्हणतील ते धरायचं. बाकी शाळांत बघ, चार-पाच तुकड्यांमागे एकदा तरी मुलं भांडलीत. एक म्हणतो चिखल, दुसरी म्हणते पाणी. आणि तुम्ही तिघी? अख्ख्या गटात एकदाही वेगळं मत नाही. एकदाही! सख्ख्या बहिणी टीव्हीच्या रिमोटवरून इतक्या एकमतानं वागत नाहीत."

तिघी एकमेकींकडं बघायच्या थांबल्या. कारण तिघींनाही तो सोफा आठवत होता. क्रांतीच्या घरी एसी होता, म्हणून मेच्या उकाड्यात तिघी तिच्याच हॉलमध्ये बसायच्या. तीन मोबाइल, एक कुरकुऱ्यांचं पाकीट आणि मध्यभागी रुतिका. एकमेकींना विचारू नका, असं आशुतोषदादा शाळेत आला त्या दिवशी अगदी शेवटी म्हणाला होता, घंटा वाजत असताना. ऐकलं तिघींनी होतं. पण मैत्रिणींनी एकमेकींना विचारायचं नाही म्हणजे काय? पेपर थोडाच होता! उलट मिळून केलं की काम पटापट होतं, हे तर लहानपणापासून शिकवलेलं. रुतिका स्क्रीनवर बोट ठेवायची आणि फर्मान काढायची: "हिरवं आहे? खाडीजवळ आहे? मग कांदळवन. टाका गं. पुढचं!"

"हे बघा," आशुतोषदादानं एक तुकडा मोठा केला. खाडीच्या बाजूला, इमारतींच्या मागे, हिरवागार आयत. वर तिघींचा शिक्का: कांदळवन, कांदळवन, कांदळवन. "आता हेच चित्र दुसऱ्या पद्धतीनं. आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण उपग्रहाला दिसतात. जिवंत पान त्या किरणांत झगमगतं. या चित्रात जिवंत झाडं आम्ही लाल दाखवतो."

त्यानं कळ दाबली. खाडीकाठची कांदळवनं पेटल्यासारखी लालभडक झाली. आणि तो आयत राहिला मख्ख, काळपट.

"प्लास्टिकचं गवत," तो म्हणाला. "फुटबॉलचं टर्फ आहे ते. कांदळवनात गोल मारता का गं तुम्ही?"

क्रांतीला हसू फुटलं आणि लगेच विझलं.

"मी म्हटलं होतं," अमिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती कपातल्या चहाकडं बघत होती. "मी म्हटलं होतं, हे टर्फ आहे. माझा भाऊ जातो तिथं खेळायला. तर ही म्हणाली, 'अमे, डोकं नको लावू, टाक.' मग टाकलं." ती थोडी थांबली. "आणखी पण होते. तळ्यातल्या जलपर्णीला पण कांदळवन केलंय आपण. मी नंतर नंतर बोलायचंच सोडून दिलं."

रुतिकाला वाटलं, कोणीतरी भर वर्गात आपली वही उलटी करून झटकली. तिला एकेक करून सगळं आठवलं: 'अमे, गप', 'अमे, तुला काय कळतंय', 'अमे, पुढं चल ना, टाइम जातोय.' आपला आवाज फुटला म्हणून आपण इतक्या खूश होतो, की सोफ्यावर शेजारीच बसलेला एक आवाज बंद झाला ते कळलंच नाही.

दुसरी एखादी असती तर तिनं मान खाली घातली असती, सॉरी म्हटलं असतं आणि बाथरूममध्ये जाऊन रडली असती. रुतिकालाही रडू येत होतं. पण तिच्या मेंदूत एक किडा होता, आणि तो रडू येत असतानाही वळवळायचा थांबत नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "मग हे तुम्ही आज स्टेजवर का नाही सांगितलं?"

"काय?"

"की एक अख्खा गट टाकून दिला. का टाकला. तुमच्या स्लाइडवर तर लिहिलं होतं, 'सगळ्या सहभागी शाळांचं काम.' आम्ही सहभागी होतो. आमचं काम त्यात नव्हतं. मग ते वाक्य खोटंच झालं ना?"

आशुतोषदादानं लॅपटॉप मिटायला घेतला. सरोजिनी मॅडम मागेच उभ्या होत्या, हातात कप घेऊन. त्या कधी आल्या ते कोणाला कळलं नव्हतं.

"लिहिलं आहेस का कुठं, आशुतोष? पेपरात तरी?"

"नाही, मॅडम. म्हणजे... जागा नव्हती. एक छोटा गट होता..."

"हं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण त्या एका अक्षरानं त्याचा कोट दोन मापं मोठा झाल्यासारखा वाटला. मग त्या मुलींकडं वळल्या. "जानेवारीत पुण्याला अशीच परिषद आहे. त्यात शाळकरी मुलांचं एक सत्र असतं. दहा मिनिटं मिळतात. हेच तुकडे पुन्हा रंगवा, पण आपापल्या घरी, एकमेकींशी एक शब्द न बोलता. मग जुनं आणि नवं शेजारी ठेवून सांगा, तीन मैत्रिणी एका सोफ्यावर बसल्या की तीन मतांचं एक मत कसं होतं. आम्हा सगळ्यांच्याच कामात ही भानगड लपलेली असते, पण कबूल कोणी करत नाही. तुमची नावं येतील. मात्र चुकीसकट येतील. जमेल?"

"जमेल!" रुतिका म्हणाली.

म्हणाली, आणि जीभ चावली. मग ती अमिताकडं वळली. "जमेल?"

अमितानं डोळे बारीक केले. "विचारतेयस?"

"विचारतेय."

अमितानं मुद्दाम वेळ घेतला. बिस्कीट उचललं, चहात बुडवलं, खाल्लं. "बघू," ती म्हणाली, आणि मग हसली. "जमेल."

"मला कोणी विचारणार आहे का?" क्रांती ओरडली.

*

पुढचे रविवार म्हणजे रुतिकाला शिक्षाच होती. कोपरखैरणे गावातल्या घरात, माळ्यावरच्या खोलीत, दार लावून एकटी. फोन आईच्या ताब्यात. समोर तुकडा यायचा, अर्धा चिखल अर्धं पाणी, आणि तिचं तोंड आपोआप उघडायचं: "अगं, हे काय..." ऐकायला कोणी नसायचं. पहिल्यांदा तिला कळलं की आपल्याला किती तुकड्यांत खरं तर काहीच कळत नव्हतं. सोफ्यावर ते जाणवायचं नाही, कारण मोठ्यानं बोललं की ते आपोआप बरोबर वाटायचं.

तिन्ही कामं जोडून बघितली तेव्हा आशुतोषदादाच्या बेलापूरच्या प्रयोगशाळेत नुसता गोंधळ. तिघींचं जागोजागी पटेना! क्रांतीनं कंटाळा आला की सगळ्याला चिखल म्हणून टाकलं होतं.

"चिखल नाय तर काय? मला चिखल दिसला!"

"सोसायटीच्या गच्चीवर चिखल?" अमितानं विचारलं.

"पाणी तुंबलं असेल!"

हसून हसून पोट दुखलं. पण आशुतोषदादा हसता हसता गप्प झाला आणि पडद्याजवळ सरकला. जिथं जिथं तिघींचं भांडण होतं, त्या जागा त्यानं पिवळ्या केल्या. क्रांतीचा कंटाळ्याचा चिखल सोडला तर त्या नकाशावर मन मानेल तशा विखुरलेल्या नव्हत्या. जुन्या मिठागरांच्या बांधांवर त्यांची माळच लागली होती. तिथं कांदळवनाची नवी रोपं उगवत होती, अजून धड झाड नाही आणि धड चिखलही नाही. "अरे, हे तर..." तो स्वतःशीच पुटपुटला. "एकमत असतं तर हे दिसलंच नसतं." त्यानं आणि मॅडमनी होडीतून जाऊन त्यातल्या काही जागा तपासल्या. तिघींत सगळ्यांत जास्त वेळा अमिताचं बरोबर निघालं. रुतिका दुसरी. क्रांतीचं काय झालं ते तिनं कोणाला सांगू दिलं नाही.

पुण्याचा बेत ऐकून मानसिंग सर मात्र खूश झाले नाहीत. त्यांनी तिघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर तेच जूनचं सर्टिफिकेट होतं. शाळेच्या प्रतीला त्यांनी लॅमिनेशन केलं होतं.

"सर्वोत्तम गट. शाळेच्या अहवालात छापून आलंय हे. आता तुम्ही पुण्यात जाऊन सांगणार की ते सगळं कॉपी करून केलं होतं?"

"कॉपी नाही सर," रुतिका म्हणाली. "मिळून केलं होतं. तेच चुकलं. तेच तर सांगायचंय."

"ऐकणारा काय ऐकणार? कॉपी! शाळेचं नाव मी यात येऊ देणार नाही."

"बरं सर."

ती इतकी पटकन हो म्हणाली की सरच गडबडले. "बरं म्हणजे?"

"शाळेचं नाव काढतो. आमची ठेवतो."

सरांनी सर्टिफिकेट उलटं ठेवलं. "फार बोलायला लागलीस तू," ते म्हणाले. 

*

अडचण आली ती वेगळ्याच बाजूनं.

कोपरखैरणे गावात रुतिकाच्या आळीतलं मित्रमंडळ दरवर्षी जानेवारीत गुणवंतांचा सत्कार करतं. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, लाउडस्पीकर आणि गावाच्या नाक्यावर बॅनर. यंदा मंडळाचे अध्यक्ष भैरूकाका यांनी जूनचं सर्टिफिकेट बघून ठेवलं होतं. एका संध्याकाळी रुतिका क्लासवरून आली तर नाक्यावर तीच! दहा फुटी, दोन वेण्यांसकट, मागे उपग्रह, अग्निबाण आणि का कोण जाणे एक गरुड. 'आगरी समाजाची अवकाशकन्या'. आणि खाली तारीख. नेमका पुण्याचाच रविवार.

चार दिवसांनी आशुतोषदादाला तिनं फोन केला तेव्हा तो म्हणाला, "अगं, त्यात काय! तू सत्कार घे. क्रांतीच्या घरचे तिला पुण्याला पाठवत नाहीयेत, अमिताला एकटीला बोलायची भीती वाटतेय. तुमची दहा मिनिटं मी बोलतो ना. सगळं तयार आहे. नावं असतील तुमची, आता शब्द दिलाय."

वाईट नव्हतंच त्याच्या मनात. आणि क्षणभर रुतिकालाही वाटलं, काय हरकत आहे? शालही मिळेल, नावही लागेल. चूक पुण्यातल्या लोकांना कळेल, गावाला कळणार नाही. सगळे खूश.

मग तिला जाणवलं की हे तर पुन्हा सोफ्यावर बसणंच झालं. एक बोलणार, बाकीच्यांचं मत त्यातच धरून चालायचं.

"नको, दादा," ती म्हणाली. "नाव असेल, पण तोंड नसेल. मी सांगते तुम्हाला उद्या."

घरी पप्पा आरशासमोर उभे होते. रुतिकाचे पप्पा, धनेश, तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. एरवी लग्नातसुद्धा मागच्या खुर्चीत बसणारा माणूस, आज नव्या झब्ब्याची बटणं लावून बघत होता. आई, जमुना, गावाशेजारच्या सेक्टरात, नव्या इमारतींमध्ये, मासळी विकून नुकतीच आली होती. ती हात धुऊन भाकऱ्यांना बसली होती, पण अर्धं लक्ष आरशात.

"खांद्याला ढगल होतंय," आई म्हणाली.

"शाल येनार ना वरून. कोन बघतंय?" पप्पा म्हणाले आणि रुतिकाला बघून उजळले. "ये बाय! भैरूदादाचा फोन आलता. तुला पन बोलायचंय, पाच मिन्टं. तू बोलशील तं मंडपाला टाचनी पडल्याचा आवाज याला पायजे. मी सगल्या कंपनीला सांगितलंय. आपल्या आलीत आजवर पोरीचा बॅनर लागला नाय. पोरांचे वाढदिवस, निस्ते वाढदिवस! आपली पयली हाय."

 भांडखोर पप्पा असते तर किती सोपं झालं असतं! पण हे असे हसणारे पप्पा, इस्त्रीची घडी न मोडलेला झब्बा घातलेले.

"पप्पा, ते सर्टिफिकेट चुकीचं आहे," ती म्हणाली.

"काय झालं? नाव चुकलंय?"

"नाव बरोबर आहे. काम चुकलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. सोफा सांगितला, टर्फ सांगितलं, अमिताला गप्प बसवलं तेही सांगितलं. काही गाळलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी आईनं उलटली नाही.

"अगो पन मग गप ऱ्हा ना," आई शेवटी म्हणाली. "चुकली त चुकली. पोरींचं काम ते. कोन बघाला आलंय वरून?"

"आई, वरूनच बघितलंय."

आईच्या ओठांवर हसू येत होतं, ते तिनं भाकरीकडं वळवलं. पप्पा मात्र खाटेवर बसले होते.

"गावाला काय सांगू मी? बॅनर लागलाय. उतरवू? लोक इचारतील, धनेशच्या पोरीनं काय केलं? चोरी केली?"

"चोरी नाही केली. चूक केली आणि पकडली. आम्हीच पुन्हा काम केलं, आणि त्यातून त्या लोकांना एक नवीन गोष्ट सापडली, जुन्या मिठागरांवरची. ती कोणाला दिसली नव्हती."

"मंग तेच सांग ना सत्काराला! नवीन सापडलं ते सांग. जुनं कशाला उकरतेस?"

"जुनं सांगितल्याशिवाय नवीन कळतच नाही, पप्पा. ते त्याच्यातूनच निघालंय."

 बाहेर कोणीतरी बुलेट फटफटवत गेलं. "माझी इज्जत जाल ना पोरी," पप्पा हळू म्हणाले. ते ओरडले असते तर रुतिका दुप्पट ओरडली असती. त्यांच्या या हळू आवाजावर तिला आवाज चढवता येईना. म्हणून ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, मांडी घालून, आणि प्रत्येक शब्द नीट जागेवर ठेवत बोलली.

"मी बघितलंय पप्पा, तुम्ही तो बॅनर रोज मोबाइलवर उघडून बघता. मला पण आवडला. गरुड सोडून सगळं आवडलं. पण जे मी केलंच नाही त्याची शाल अंगावर घेऊन मी मंडपात बोलले, तर त्याच्यानंतर मी कुठंच नीट बोलू शकणार नाही. माझं बोलणं तुम्हाला आवडतं ना? ते राहायला पाहिजे."

पप्पांनी वर बघितलं.  आईनं गॅस बंद केला.

"आणि गावापासून लपवणार पण नाही. पुण्याहून आले की भैरूकाका म्हणतील त्या दिवशी मंडळासमोर उभी राहते, सगळं सांगते. त्याच्यानंतर त्यांना शाल द्यावीशी वाटली तर तिघींना द्यायची. अमिता सेक्टरातली आहे, क्रांती घाटावरची आहे, चालत असेल तर द्या. नसेल चालत तर नको."

"आनि मी नको म्हनलो तं?" पप्पांनी विचारलं.

रुतिका उठली. गुडघ्याला लागलेलं भाकरीचं पीठ तिनं झटकलं.

"रविवारी सकाळी सहाला मॅडमची गाडी वाशीला येणार आहे. मी त्या गाडीत बसणार. अमिताच्या शेजारी उभी राहणार, टर्फचं मी सांगणार, मिठागरांचं ती सांगणार. सत्काराला मी नसणार, पप्पा. गाडीत तुमच्या दोघांसाठी जागा आहे, मी मॅडमना विचारून ठेवलंय. आता भैरूकाकांना तुम्ही सांगता, का मीच फोन लावू?"